‘लॉ फर्मची रँकिंग विकत मिळतात’ म्हणणाऱ्यांना

लॉ फर्मच्या रँकिंगविषयी एक मेसेज सध्या फिरतोय. आशय असा: पैसे भरले की यादीत नाव लागतं, सगळ्या याद्या सारख्याच, न्यायालयानेही त्या खोट्या ठरवल्यात, म्हणून यादीत नसलेली फर्मच खरी. या याद्यांसाठीचे अर्ज, आमच्या बोलीत ‘सबमिशन’, मी काही वर्षं लिहिले आहेत. संशय घ्यायला जागा आहे, पण मेसेजने बोट भलतीकडेच दाखवलंय.

‘पैसे भरले की नाव लागतं.’ असे पुरस्कार असतात, ते नाकारत नाही. अर्जही केलेला नसताना ‘अभिनंदन, आपली निवड झाली आहे’ अशी मेल येते आणि खाली ट्रॉफीचे दर असतात. १९८७ पासूनची ‘लीगल ५००’ किंवा १९९० पासूनची ‘चेंबर्स’, या लॉ फर्मची क्रमवारी लावणाऱ्या याद्या मात्र अशा चालत नाहीत. तिथे अर्ज फुकट आणि क्रमवारीतली जागाही फुकट. चेंबर्सला फर्म निवडक कामांची माहिती देते, वीसपर्यंत, आणि रेफरन्स म्हणून अशिलांची नावं, तीही वीसपर्यंत. संशोधक त्या अशिलांकडे चौकशी करतात, इतर फर्मच्या वकिलांनाही विचारतात, मग बँड, म्हणजे क्रमवारीतली पायरी, ठरतो; बँड १ सगळ्यात वरचा. पैसे लागतात ते सविस्तर प्रोफाइल छापायला आणि यादीचा लोगो वापरायला.

मग पैशाचा संबंधच नाही? आहे की, पण मेसेजवाल्यांना नेमका तोच दिसलेला नाही. एक सबमिशन आठवडेच्या आठवडे खातं. पार्टनरच्या, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलाच्या, मागे लागून माहिती काढायची, नाव द्यायला अशिलाची परवानगी घ्यायची, गोपनीय काय ते वेगळं दाखवायचं. मोठ्या फर्मकडे यासाठी पगारी माणसं असतात. तीन वकिलांच्या ऑफिसात हे काम रात्री जागून कुणीतरी करतं, नाहीतर राहूनच जातं. शिवाय रेफरन्सची यादी फर्मच देते. नाराज अशिलाचं नाव त्यात कोण घालेल? मी तरी कधी घातलं नाही. आणि खूश असलेला अशील कामाच्या गडबडीत मेलला उत्तरच देत नाही, त्याचा फटका वेगळाच.

‘सगळ्या याद्या सारख्याच.’ ‘अ‍ॅम लॉ १००’ अमेरिकन फर्मची उतरंड एकूण महसुलावर लावते, म्हणजे आकार मोजते. ‘बेस्ट लॉयर्स’मध्ये वकीलच वकिलांविषयी मत देतात. ‘सुपर लॉयर्स’ अमेरिकेच्या प्रत्येक राज्यातून जास्तीत जास्त ५ टक्के वकील निवडते, आणि ती व्यक्तींची यादी आहे. चेंबर्समध्ये तर विषय आणि प्रदेशागणिक क्रम बदलतो: करकायद्यात बँड १ असलेली फर्म कामगार कायद्याच्या तक्त्यात नसूही शकते. त्यामुळे नुसतं ‘अव्वल फर्म’ म्हणणारी जाहिरात काहीच सांगत नाही.

‘न्यायालयाने खोट्या ठरवल्या.’ हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचा अर्धा किस्सा. २००६ मध्ये तिथल्या वकिली जाहिरातींवरच्या समितीने ‘सुपर लॉयर्स’, ‘बेस्ट लॉयर्स’ या बिरुदांची जाहिरात नियमबाह्य ठरवली होती. मेसेज इथेच थांबतो. २००८ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समितीचं ते मत रद्द केलं. याद्या खऱ्या की खोट्या, हा निवाडा त्यात नव्हताच. प्रश्न जाहिरातीचा होता, आणि आता तिथे असं बिरुद मिरवायचं तर तुलना कुणी केली हे सांगावं लागतं.

‘यादीत नसलेली फर्मच खरी.’ यादीत नाव नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कदाचित अर्जच केला नसेल. नाव असण्यावरूनही खटले जिंकण्याचं प्रमाण कळत नाही, कारण ते या याद्यांचं मोजमापच नाही. विलीनीकरण, कर्जव्यवहार अशी रँकिंगमधली कितीतरी कामं कोर्टाची पायरीही चढत नाहीत. जामिनासाठी धावणाऱ्याला विलीनीकरणातल्या बँड १ चा काय उपयोग? जामिनाची प्रकरणं किती हाताळलीत, हे त्याने वकिलाला विचारावं. आणि दुसरं म्हणजे, पहिल्या मीटिंगला रँकिंगवाला पार्टनर येऊन बसला असेल, तर उद्यापासून फाइल कुणाच्या टेबलावर असणार, हे त्याच्यासमोरच विचारून घ्यावं.