ही स्लो का?

डोंबिवलीच्या सव्वाआठच्या फास्ट लोकलमध्ये खिडकी मिळवायला मला सात वर्षं लागली. आधी दारात लोंबकळणं, मग आत पाय टेकायला जागा, मग कुणाची बदली, कुणाची रिटायरमेंट होत होत तिघांच्या बाकावर चौथं टेकायची फोर्थ सीट आणि शेवटी खिडकी. दसऱ्याला डब्याला झेंडूचं तोरण बांधायचा मानही माझ्याकडे आला होता.

हे सगळं मी तीन शब्दांवर उधळलं.

इंडिकेटर बंद होता. जिन्याशी एका मुलीने विचारलं, "ही स्लो का?" मी "हो" म्हणालो आणि ती लेडीजमध्ये चढली तसा शेजारच्या डब्यात मीही चढलो. पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरून ग्रुपमधले तात्या हातवारे करत होते. मला वाटलं, आशीर्वाद देताहेत.

ती विद्याविहारला उतरायची. माझं ऑफिस फोर्टात. डोंबिवली सोडल्यावर कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत सीएसएमटीपर्यंत २३ स्टेशनं. या मार्गावर पहिली गाडी १८५३ साली धावली. पण नाहूर स्टेशन इतक्या प्रेमाने आजवर कुणी पाहिलं नसेल. मला तिथे काहीही काम नव्हतं, पण तिथून ती आणखी पाच स्टेशनं गाडीत असायची.

ऑफिसात तीन लेटमार्कांना एक सीएल कापतात. गणपतीपर्यंत माझ्या सगळ्या सीएल संपल्या. पुढे कळलं की लेडीज फर्स्ट आणि जेन्ट्स फर्स्टच्या मध्ये जाळी असते. मी फर्स्टचा पास काढला. त्या पैशांत सेकंडने तीन महिने गेलो असतो. जाळीतून दिसायची ती तिची वेणी आणि मांडीवरचं कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक. मी ड्राफ्ट्समन. तरी तेच पुस्तक विकत घेतलं आणि रोज भांडुपपर्यंत वाचलं. आजही मला कुठल्याही धंद्याचा ब्रेक-इव्हन पॉइंट, म्हणजे ना नफा ना तोटा तो बिंदू, काढता येतो. स्वतःचा तेवढा सापडला नाही.

आमचं बोलणं म्हणाल तर इंडिकेटर बंद पडेल त्या दिवशी, "ही स्लो का?" इतकंच. (मध्य रेल्वेच्या बिघाडांसाठी देवाला नारळ बोलणारा मी एकमेव प्रवासी असेन.) एकदा ती म्हणाली, "ही स्लोच ना?" त्या 'च'वर मी पंधरा दिवस काढले. एरवी त्या आठ महिन्यांत माझ्याशी नेमाने बोलली ती एकच बाई, "पुढील स्थानक, विद्याविहार" म्हणणारी.

आणि एके सकाळी ती आपणहून समोर आली. इंडिकेटर चालू होता! माझ्या हातातली छत्री उघडली, का ते विचारू नका.

"दादा, तुम्ही रेल्वेतच आहात ना?"

"मी?"

"नाही, रोज इथेच उभे असता आणि सगळ्या गाड्या माहीत असतात, म्हणून. लग्नानंतर मी पुण्याला जाणार. माहेरी येताना इंद्रायणी डोंबिवलीला थांबते का?"

"नाही," मी म्हणालो. "कल्याणला उतरायचं. तिथून लोकल."

"स्लो की फास्ट?"

"कुठलीही चालेल."

तिने थँक्यू म्हटलं. मी छत्री मिटली.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला गेलो. माझ्या खिडकीत कुणी नवा पोरगा मान टाकून झोपला होता. तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय रे, स्लो रद्द झाली का?" ग्रुपने बैठक घेऊन निकाल दिला: सगळ्यांना वडापाव, आणि ज्येष्ठता शून्यापासून. सध्या दारात आहे.

फास्ट विद्याविहारला थांबत नाही, धडधडत निघून जाते. हे वेळापत्रक ज्याने आखलं, त्याचं देव भलं करो.