इंग्लंडात मूल वाढवावं का? निर्णय न घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

हा प्रश्न पडायला आधी मूल व्हावं लागतं. तोवर इंग्लंड हा देश नसतो, दोन वर्षांचं प्रोजेक्ट असतं. बाळ घरी आलं की मात्र पहिल्याच आठवड्यात, दुधाच्या बाटल्या उकळता उकळता, एक्सेलची फाइल उघडा. दोन रकाने करा. एकावर 'इंग्लंड' लिहा, दुसऱ्यावर 'पुणे'. तुम्ही मूळचे परभणीचे असलात तरी पुणेच लिहा. परत जायचं म्हणजे परभणीला जायचं, असं कोणीच धरत नाही. इंग्लंडखाली 'स्वच्छ हवा, रांगेची शिस्त' आणि पुण्याखाली 'आजी-आजोबा, कामाला बाई' एवढं भरा आणि फाइलला 'फायनल' असं नाव द्या. ही फाइल तुम्हाला निदान अकरा वर्षं पुरवायची आहे, तेव्हा पहिल्या दिवशी फार तपशील भरू नका.

बाळाची पत्रिका करून घेतली असेल तर ती नीट घडी घालून ठेवा. इथे कुंडलीत एकच ग्रह आहे आणि तो म्हणजे १ सप्टेंबर, शाळेच्या वर्षाची सीमारेषा. ३१ ऑगस्टला रात्री पावणेबाराला जन्मलेलं मूल चार वर्षांचं झालं न झालं तोच रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्गात, बसतं. अर्ध्या तासानं जन्मलेलं मूल पुढचं पूर्ण वर्ष घरी, म्हणजे पाळणाघराच्या बिलात, राहतं. पहिल्याला स्वतःच्या कोटाची चेन लावता येत नाही; वर्गात त्याच्या शेजारी बसलेल्या सप्टेंबरच्या मुलाचे दात पडायला लागलेले असतात. उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाला वर्षभर थांबवून मग रिसेप्शनमध्येच बसवायची विनंती करता येते, पण ती मानायची की नाही हे प्रवेश देणाऱ्याच्या हातात. त्यापेक्षा आधीच हिशेब करावा. सप्टेंबरचं बाळ हवं असेल तर डिसेंबरकडे लक्ष द्या. लंडनमध्ये त्या दिवसांत चारच्या आत सूर्य मावळतो आणि बाहेर पाऊस असतो, त्यामुळे बाकीची सोय हवामान खात्यानं करूनच ठेवली आहे.

आता पाळणाघर. सप्टेंबर २०२५ पासून नोकरी करणाऱ्या आई-बापांच्या नऊ महिन्यांच्या बाळालाही आठवड्याला ३० तास सरकारी खर्चानं मिळतात. हे वाक्य तुमच्या सासऱ्यांनी बातम्यांत ऐकलेलं असेल. त्यांनी न ऐकलेला भाग असा: हे तास वर्षातले ३८ आठवडेच, आणि आई-बाप दोघंही वर्क व्हिसावर असतील तर अजिबात नाहीत. व्हिसाच्या कागदावर 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' अशी एक ओळ असते, ती बहुतेक लोक पहिल्यांदा पाळणाघराच्या ऑफिसात उभं राहून वाचतात. मूल तीन वर्षांचं झालं की मगच सगळ्यांना मिळणारे १५ तास पदरात पडतात.

कायमचं राहण्याचा परवाना हाती असेल तर अडचण दुसरी. दोघांपैकी एकाचंही उत्पन्न वर्षाला १,००,००० पौंडांच्या वर गेलं की ३० तास गेले आणि पाळणाघराच्या बिलातली करसवलतही गेली. दोघं ९९,००० कमवा, घरात १,९८,००० आणा, चालतं. एकानं १,००,००१ कमवा आणि दुसऱ्यानं २५,०००, चालत नाही. म्हणून बढती जाहीर झाली की आनंद आवरा, कपाळाला हात लावा आणि वरची रक्कम पेन्शनमध्ये टाकून द्या. मूल पाळणाघरात राहावं म्हणून स्वतःच्या म्हातारपणात पैसे भरणारा बाप इंग्लंडात वेडा समजला जात नाही. ऑफिसात त्याचा सल्ला घेतात.

आरोग्याच्या रकान्यात 'फुकट' असा शब्द कोणीतरी घालेल. तो राहू द्या, शेजारी आकडा मात्र लिहा. व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो: मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, अठराच्या आतल्यांना ७७६. चौघांचं कुटुंब, पाच वर्षांचा व्हिसा, म्हणजे १८,११० पौंड, आणि तेही आगाऊ. एवढ्या पैशांत ताप आलेल्या मुलाला काय मिळतं? जीपीची, म्हणजे भागातल्या सरकारी डॉक्टरची, वेळ मिळाली तर दहा मिनिटं, आणि 'व्हायरल आहे, कॅलपॉल द्या'. कॅलपॉल म्हणजे पॅरासिटामॉलचं स्ट्रॉबेरीच्या चवीचं पातळ औषध. इंग्लंडातली अर्धी मुलं 'ममी'च्या आधी हा शब्द शिकत असावीत. भारतातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या पाकिटांना हात लावू नका, कारण डॉक्टर बहुधा बरोबर असतो, आणि हेच तर सहन होत नाही. मूल खरोखर अत्यवस्थ झालं तर मात्र अँब्युलन्सपासून आयसीयूपर्यंत कोणी डिपॉझिट मागत नाही. हा मुद्दा फाइलमध्ये कुठे बसवायचा ते कळत नाही, म्हणून तो बहुतेक फायलींत नसतो.

'व्हिटॅमिन डी'ही लिहून ठेवा. एक ते चार वर्षांच्या मुलांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम द्यावं असा एनएचएसचाच, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचाच, सल्ला आहे. ज्या उन्हापासून मुलाला वाचवण्यासाठी आजीनं टोपडं शिवून पाठवलं, ते इथे दुकानात थेंबांच्या बाटलीत मिळतं.

शाळेचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत भरायचा, निकाल १६ एप्रिलला. रिसेप्शनपासून दुसऱ्या इयत्तेपर्यंत वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलं, एकतिसावं अगदी मोजक्याच अपवादांत. जागा वाटताना आधी सरकारी देखरेखीखाली असलेली किंवा पूर्वी असलेली मुलं, मग आधीच शाळेत असलेल्यांची भावंडं, मग अंतर. बहुतेक कौन्सिलं, म्हणजे इथल्या पालिका, अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजतात. म्हणजे तुमचा चालण्याचा रस्ता, मधला रेल्वेचा पूल, पावसात बाबागाडी ढकलणं, याच्याशी कौन्सिलला देणंघेणं नाही. तुमच्यात आणि शाळेत कावळ्याच्या उड्डाणाइतकं अंतर किती, एवढाच प्रश्न. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा स्वयंपाकघर, ओल, बुरशी काही पाहू नका. भिंतीला बुरशी असली तर मुलाच्या वाढदिवसाचा फलक तिथे लावता येतो. शाळेच्या तपासनिसांनी सप्टेंबर २०२४ मध्ये 'आउटस्टँडिंग' असा एका शब्दातला निकाल देणं बंद केलं, पण घरभाड्याला ते अजून कोणी कळवलेलं नाही.

आणि मग डबा.

पुष्कळ शाळांत शेंगदाणा आणि इतर कवचाची फळं आणायला मनाई असते. कारण पक्कं आहे: एखाद्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असेल तर शेजारच्या मुलाच्या हाताला लागलेलं कूटही त्याच्या जिवावर बेतू शकतं. हे पटतं. पटल्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा आणि मराठी डब्यातून शेंगदाणा वजा करा. पोहे गेले. साबुदाण्याची खिचडी गेली. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, चटणी, चिक्की, कुटाचा लाडू, सगळं गेलं. संक्रांतीच्या तिळगुळाचं काय म्हणाल तर तीळही इथल्या कायद्यानं जाहीर करायच्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांत आहे, तेव्हा 'गोड बोला' एवढंच शाळेत न्यावं. उरते ती पोळी. तिला 'रॅप' म्हणायला शिका, आत काकडीच्या फोडी आणि चीज घाला, मूल न सांगता खाईल. दुसऱ्या इयत्तेपर्यंत सरकार गरम जेवण फुकट देतं. शाकाहारी मुलाच्या वाट्याला ठरावीक वारी सालासकट भाजलेला बटाटा आणि त्यावर गोडसर टोमॅटोच्या रसातला पांढरा घेवडा येतो. घरी तुम्ही दोन तास खपून केलेल्या उसळीला 'बीन्स नको' म्हणणारं मूल हेच, हे लक्षात ठेवा आणि गप्प राहा.

सुट्ट्यांचा हिशेब मन लावून करा, कारण फाइलचा सगळ्यांत महाग भाग इथे आहे. मोठी सुट्टी सहा आठवड्यांची, जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून. म्हणजे आंबा संपलेला, कोकणात चिखल, घाटात दरडी, विमानाची तिकिटं चांगलीच महाग. मुलाला मामाचं गाव म्हणजे छत्री आणि डास एवढंच ठाऊक असणार. गणपती पुष्कळदा नेमके शाळा सुरू झाल्यावर येतात. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या आठवडाभराच्या सुट्टीत सापडते, कधी पाच-सात दिवसांनी चुकते. अधिक महिन्याला कौन्सिलशी विचारविनिमय करायची सवय नाही. धार्मिक सणाच्या दिवसाची रजा मिळते, पण मुख्याध्यापिकेला वसुबारस ते भाऊबीज समजावून सांगायला बसू नका. एक दिवस मागा, तोही लक्ष्मीपूजनाचा. बाकीचे दिवस 'तयारी' आहेत असं तिला वाटेल, आणि स्वयंपाकघराच्या बाजूनं पाहिलं तर ते खरंच आहे.

डिसेंबरात मामाचं लग्न निघालं तर ते 'अपवादात्मक कारण' ठरेल अशी आशा धरू नका. दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी बुडाले की दंड: दर पालकामागे, दर मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरला तर, नाहीतर १६०. आई, बाप, दोन मुलं, म्हणजे ३२० पौंड. सुट्टीतलं आणि शाळेच्या दिवसांतलं तिकीट यांच्यातली तफावत याहून मोठी असते, हे गणित करायला फार वेळ लागत नाही. म्हणून पुष्कळ घरांत हा दंड तिकिटाच्या रकान्यातच धरतात. फक्त तीन वर्षांत दोनदाच असं करता येतं. तिसऱ्या वेळी प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. आजारपणाचा ईमेल पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. सोमवारी कोपरापर्यंत मेंदी रंगलेली मुलगी वर्गात उभी राहून मामाच्या घोड्याचं वर्णन करणार आहे, आणि बाईंनी तिला खरं बोलायला शिकवलेलं आहे.

अभ्यासाबद्दल काळजी नको, तो नाहीच असं तुम्हाला सुरुवातीला वाटेल. चौथ्या इयत्तेत पाढ्यांची सरकारी चाचणी होते: २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, पाढे बारापर्यंत, नापास कोणी नाही. हे ऐकून मराठी बाप हसतो आणि तीसपर्यंतचे पाढे काढून बसतो. पावकी-निमकीची आठवण काढतो, जी त्याला स्वतःला येत नाही. मग कोणीतरी कानात सांगतं की इंग्लंडात अजून १६३ ग्रामर शाळा आहेत, सरकारी, फुकट, आणि प्रवेश परीक्षेवर. झालं. मुलाचं बालपण शर्यतीत जाऊ नये म्हणून तुम्ही पुणे सोडलं होतं. आता स्लाऊ, सटन किंवा केंटमध्ये घर शोधा, चौथीपासून शनिवारची शिकवणी लावा आणि 'बुद्धिमत्ता चाचणी'ची पुस्तकं आणा. स्कॉलरशिपच्या परीक्षेचं तुमचं जुनं दुःख इथे नव्यानं भोगायला मिळतं, तेही पौंडांत.

शिस्तीचं थोडक्यात. मुलाला चापट मारणं स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून गुन्हा आहे. इंग्लंडात 'वाजवी शिक्षा' हा बचाव कायद्यात अजून शिल्लक आहे. वळ उठला की तोही संपतो आणि शाळा विचारायला लागते. ब्रिस्टलहून कार्डिफला निघाल तेव्हा सेव्हर्नच्या पुलावर मागच्या सीटवरचं भांडण कायद्याच्या दोन राज्यांत चाललेलं असतं. तुम्ही नुसते डोळे वटारा, तिन्ही देशांत चालतं.

आजीचा प्रश्न राहिला. भेटीच्या व्हिसावर एका खेपेला सहा महिने. आजी नातवाला भेटायला येते, सांभाळायच्या नोकरीला नव्हे, हा फरक व्हिसाच्या नियमांना फार प्रिय आहे. दोन्हीकडच्या आज्यांची आलटून पालटून पाळी लावणारी घरं सर्वांत नीट चालतात, आणि दोघींची गाठ फक्त विमानतळावर पडते. आई-वडिलांना कायमचं आणायचं तर जुलै २०१२ पासून असं दाखवावं लागतं की त्यांना रोजच्या निगेची गरज आहे आणि ती निगा भारतात पैसे देऊनही मिळत नाही. म्हणजे पुण्याच्या रकान्यात तुम्ही लिहिलेलं 'कामाला बाई' हे इथे तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतं.

मराठीचं काय, असं मधूनमधून म्हणत राहावं. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, तिथल्या गणपतीत मूल 'सुखकर्ता' खणखणीत म्हणेल, अर्थ विचारू नका. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू हे विषय आहेत, मराठी नाही. 'ळ' आठव्या वर्षापर्यंत टिकला तर समाधान माना. घरात मराठीत विचारा, मूल इंग्रजीत उत्तर देईल. दोघांनाही वाटतं आपण आपल्या भाषेत बोललो.

असं करता करता ३१ ऑक्टोबर येतो, माध्यमिक शाळेच्या अर्जाची शेवटची तारीख. मूल दहा वर्षांचं. आता फाइल उघडा, 'फायनल_७'. परत जायचं तर हीच वेळ, असं तुम्ही म्हणाल. त्यावर नवरा किंवा बायको, ज्याची पाळी असेल ते, पुढचे दोन मुद्दे मांडतील. एक: पासपोर्ट ब्रिटिश झाला असला तरी विद्यापीठाआधीची तीन वर्षं मूल या देशात राहिलं नाही तर साधारणपणे फी परदेशी विद्यार्थ्याची लागते, इथल्यांची २०२५-२६ सालची फी ९,५३५ पौंड, परदेश्यांची त्याच्या कितीतरी पट. दोन: २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कोणतंही असो, दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे.

मुलाला मराठी येत नाही याचं ज्यांना सर्वांत जास्त वाईट वाटतं, ते या दुसऱ्या मुद्द्यावर फाइल बंद करतात. बंद करताना 'बदल जतन करायचे का?' असं कॉम्प्युटर विचारेल. खालून मूल हाक मारत असेल, डबा रिकामा करून हवा आहे की उद्याची जर्सी सापडत नाही असं काहीतरी. 'नंतर' असं बटण त्या चौकटीत नसतं, म्हणून 'रद्द करा' दाबा आणि खाली जा.