बाबांच्या डिस्चार्ज बुकातली कुसुमबाई

आज कोरिजेंडम पीपीओ, म्हणजे आईच्या पेन्शनच्या आदेशाचं दुरुस्तीपत्र, आलं एकदाचं. हा शब्द गेले चौदा महिने आमच्या घरात इतक्यांदा बोलला गेलाय की कामाला येणाऱ्या ताईसुद्धा दारातूनच विचारायच्या, "दीदी, वो करेजंडम आया क्या?" आज त्यांना सांगितलं आ गया, तर म्हणाल्या मग तोंड गोड करा. केलं. आणि आता लिहायला बसलेय, कारण आमच्या इंदूरच्या मराठी घरांत फौजेतून रिटायर झालेले पुष्कळ आहेत, महूची छावणी तर इथनं हाकेच्या अंतरावर, आणि मला खात्री आहे की त्यातल्या निम्म्या घरांतसुद्धा कोणी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून घरी येताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, उघडून नीट वाचलेलं नसणार.

आम्हीही नव्हतं वाचलं. बाबा १९७० ला भरती झाले, १९९२ ला हवालदार म्हणून घरी आले. तेव्हापासून ते पुस्तक कपाटाच्या वरच्या खणात, मेडलच्या डबीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. दिवाळीला कपाट आवरताना पिशवी बाहेर यायची, पुसली जायची, परत आत. बाबांचं म्हणणं, कागद सांभाळायचा असतो, वाचायचा काय त्यात. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाबा गेले. तेरावं झालं, आईची फॅमिली पेन्शन सुरू करायची म्हणून मी आणि शेजारचे सुभेदार काका, तेही रिटायर्ड, ती पिशवी घेऊन बसलो.

आर्मी नंबर बरोबर, शेवटच्या अक्षरासकट. भरतीची तारीख बरोबर. कॅरेक्टर एक्झेम्प्लरी. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर तीळ, तीही बरोबर. बायकोचं नाव: कुसुम बाई. जन्मसाल १९६५.

माझ्या आईचं नाव सुनंदा आहे आणि ती १९५६ ची आहे.

काकांनी चष्मा काढला आणि विचारलं, वहिनींचं माहेरचं नाव काय हो? आई आतून म्हणाली, कुसुम.

मराठी लोकांना हे समजवावं लागत नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात आणि १९ वर्षं कुसुम असलेली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुनंदा. त्या तांदळाची पुढे खिचडी होते की काय देव जाणे, पण ते नाव कुठल्याच रजिस्टरात चढत नाही. मग रेशन कार्ड, मतदार यादी, बँक, आधार, पॅन, सगळीकडे सासरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. (माझ्या लग्नातही ताट आलं होतं. मी म्हणलं लिहायचंय ते लिहा पण मी सही जुनीच करणार. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. आता हे सगळं बघून परवा स्वतःच म्हणाल्या बरं झालं.) "बाई" हे आपल्या मध्य प्रदेशातलं, इथे बाईमाणसाच्या नावापुढे बाई किंवा देवी लावल्याशिवाय कारकुनाला चैनच पडत नाही.

जन्मसालाची तर गंमतच. ५६ चे ६५ झालेले. आईबाबांचं लग्न मे १९७५ मधलं, म्हणजे रेकॉर्डप्रमाणे बाबांनी दहा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, ते त्याच ऑफिसानं नोंदवलं, त्याच पुस्तकात लग्नाची तारीखही लिहिली आणि शारदा कायदा १९२९ चा असून कोणाच्याही भुवया वर गेल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल साल चुकलं तर काय मोठं. मलाही तेच वाटलं होतं. तर ऐका, फॅमिली पेन्शन घेणारी बाई ८० वर्षांची झाली की पेन्शन २० टक्के वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली तर १०० टक्के. हे सगळं चालतं रेकॉर्डातल्या जन्मतारखेवर. आईची ऐंशी २०३६ ला होणार, कागदावर ती होणार २०४५ ला. दोन आकडे इकडचे तिकडे झाले आणि नऊ वर्षांची वाढ गेली, तीही नेमकी औषधपाण्याच्या वयात.

आता तो प्रसंग. बाबांची पेन्शन तोवर बँकेतून स्पर्श या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर गेलेली, तिथे आधार, पॅन आणि सर्व्हिस रेकॉर्ड सगळं अक्षराला अक्षर जुळावं लागतं. आम्ही एका ऑफिसात गेलो, कुठलं ते राहू दे. समोरच्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग आवाज खाली करून मला म्हणाला, "मैडम, बुरा मत मानना, पिताजी की दो शादी तो नहीं थी?" आई बाजूलाच बसलेली. कानाला मशीन आहे तिच्या पण ते त्या दिवशी चालू होतं. ती हसली आणि म्हणाली, "भैया, दोनों मैं ही हूँ." त्यानं सॉरी म्हणलं आणि मग १४ महिने आम्ही हेच सिद्ध करत होतो की दोन्ही मीच.

माझा खरा राग कुठे आहे ते सांगते. चूक होते, माणूस आहे, शेकडो पुस्तकं हातानं भरणारा क्लार्क, मान्य. पण सैनिकाचं लग्न झालं, मूल झालं की युनिटमधून त्याची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघते, ती त्याच्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या मूळ नोंदपत्रावर, चढते आणि शीट रोल असतो रेकॉर्ड ऑफिसात. म्हणजे मूळ कागद त्यांच्याकडे. पुस्तक आणि पीपीओ ही त्याची नक्कल. नक्कल चुकली तर आधी मूळ बघायचं की नाही? तर नाही, आधी आम्हाला पत्र, की मॅजिस्ट्रेटसमोरचं अॅफिडेव्हिट आणा, दोन पेपरांत जाहिरात द्या, जन्माचा पुरावा जोडा. चूक कारकुनाची, अॅफिडेव्हिट विधवेचं.

सुभेदार काका म्हणाले, बेटा आरटीआय टाक. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पहिलं उत्तर आलं की नंबरवरून फाईल शोधत आहोत, दुसरं आलं त्यात १९७५ च्या पार्ट टू ऑर्डरची झेरॉक्स. टाइपरायटरची निळसर अक्षरं, एका ठिकाणी कागद दुमडून काळी रेघ आलेली. त्यात स्वच्छ: कुसुम, तिच्या वडिलांचं नाव, गाव देवास, जन्म १९५६. बाई वगैरे काही नाही. म्हणजे ५६ चं ६५ आणि कुसुमची कुसुमबाई १९९२ ला पुस्तक भरताना झाली आणि बरोबर कागद ४८ वर्षं त्यांच्याच कपाटात होता. मी तो हातात घेऊन जिन्यातच बसले.

आणि हे फक्त साध्या माणसांचं होतं असं समजू नका. जनरल व्ही. के. सिंग आठवतात? तेव्हाचे सेनाध्यक्ष. आर्मीच्याच एका शाखेकडे जन्म १० मे १९५१, दुसऱ्या शाखेकडे १० मे १९५०. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी अर्ज मागे घेतला. चीफची ही कथा, तर हवालदाराच्या बायकोचं साल कोण बघतो.

मध्ये रात्री झोप यायची नाही तेव्हा मी बाकीच्या देशांत काय करतात ते वाचत बसायचे. अमेरिकेत सेंट लुईसला जुन्या सैनिकांच्या फायली ठेवलेल्या इमारतीला १२ जुलै १९७३ ला आग लागली, १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली खाक. मग पगाराची व्हाउचरं, आणखी कुठकुठले जुने कागद असं गोळा करून लोकांचं रेकॉर्ड परत उभं करतात. कागद जळून गेलेल्यांना असं, आणि आमचा कागद शाबूत असून आम्ही अॅफिडेव्हिट करत होतो! एक गोष्ट मात्र तिथे आणि इथे सारखी. त्यांच्या डिस्चार्जच्या कागदाला डीडी २१४ म्हणतात, तो खोडून सहसा दुरुस्त करत नाहीत, दुरुस्तीचा वेगळा कागद निघतो, डीडी २१५, तो सोबत लावायचा. आपलंही तसंच, जुनं पीपीओ तसंच राहतं, वर कोरिजेंडम येतं. म्हणून सांगते, नवीन आलं म्हणून जुनं फेकू नका, दोन्ही एकत्र ठेवा.

नावाची चूक त्रास देते, पण शेवटी मार्गी लागते. त्याहून वाईट चूक वेगळी. काकांचंच बघा, त्यांना तोफांमुळे डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्यांच्या पुस्तकात घरी जाण्याचं कारण लिहिलं होतं स्वतःच्या विनंतीवरून, आणि मेडिकल बोर्डाच्या कागदात कानाचा त्रास नोकरीमुळे आहे की नाही या रकान्यात नाही. एवढ्या एका शब्दावर डिसॅबिलिटी पेन्शन अडते. ही स्पेलिंगची चूक नाही, ती अॅफिडेव्हिटनं सुटत नाही, त्यासाठी अपील, आणि तिथेही नाही म्हणाले तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्यूनल, आपल्यासाठी त्याचं बेंच जबलपूरला आहे. काका वीस वर्षं गप्प बसले कारण कोणाला सांगायला लाज वाटायची की पैसे मागतोय. आता आमचं बघून त्यांनीही कागद बाहेर काढलेत.

तर ज्यांचे बाबा, आजोबा, काका आज हयात आहेत त्यांनी या रविवारी पोहे खाऊन झाले की ती पिशवी उघडा. नाव एकेक अक्षर, इंग्रजी स्पेलिंगसकट. बायकोचं नाव आणि पूर्ण जन्मतारीख, नुसतं साल असेल तर तेही अडतं. मुलांची नावं, आणि घरात अपंग मूल असेल तर त्याचं नाव आधी बघा, कारण त्याला पुढे आयुष्यभर पेन्शन मिळू शकते, पण ते रेकॉर्डात असेल तरच सोपं जातं. चुकलं असेल तर अर्ज त्यांच्याच सहीनं जाऊ दे, माजी सैनिक स्वतः लिहितो तेव्हा पटकन होतं आणि तो गेल्यावर तेच काम दसपट लांबतं. अर्ज रेकॉर्ड ऑफिसला करायचा, आणि प्रत्येक रेजिमेंटचं ते वेगळं, आर्टिलरीचं नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, सिग्नलचं जबलपूरला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवलात तर बरं, आम्हाला तिथल्या एका बाबूंनी फार मदत केली, अर्ज तीनदा लिहवून घेतला पण चौथ्यांदा परत यायची वेळ आली नाही.

बऱ्याच जणांनी मला दुसरा रस्ता सांगितला होता, की रेकॉर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका, आधारवरच कुसुम करून घ्या. मी चिडले होते. म्हणलं चूक त्यांची आणि नाव माझ्या आईनं बदलायचं? आई तिथेच शेंगा निवडत बसली होती. म्हणाली, अगं मग बदल ना, माझं नाव कुसुमच आहे.

मी तेव्हा लक्ष दिलं नाही. पुढे पुराव्यासाठी बाबांची काळी ट्रंक उपसली, ती पांढऱ्या रंगानं नाव नंबर लिहिलेली, त्यात तळाशी अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा. पाठवणाऱ्याच्या जागी केअर ऑफ ५६ एपीओ, हा फौजेच्या पोस्टाचा पत्ता. वर पत्ता सौ. सुनंदा, रामबाग, इंदूर, कारण पोस्टमनला आणि आजीला तेच नाव माहीत. आत प्रत्येक पत्रात प्रिय कुसुम. एका कागदावर दोन्ही नावं! मी आनंदानं काकांकडे पळत गेले, तर ते म्हणाले हे डॉक्युमेंटमध्ये धरत नाहीत बेटा. बरोबरच आहे.

पण त्यातलं जुलै ७५ चं एक पत्र मी वाचलं. लग्नाची सुट्टी संपवून बाबा नुकतेच परत गेलेले. हवापाणी, खाणं, एका मित्राचा ताप, आणि मग दोन ओळी: "आज ऑफिसात लग्नाची नोंद करून दिली. तुझं नाव कुसुमच लिहिलं. आईला सांगू नकोस."

मी आईला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो, म्हणून तर म्हणत होते, चूक चूक काय लावलंयस.

तर आजच्या कागदावर नाव आहे कुसुम उर्फ सुनंदा, जन्म १९५६, थकबाकी बहुतेक पुढच्या महिन्यात. आईनं चष्मा लावून स्वतः वाचलं, बोट ठेवून. मग म्हणाली, कुसुम आधी आहे ना, झालं तर मग, आणि कागद घेऊन कपाटाच्या वरच्या खणात मेडलच्या डबीखाली ठेवून आली.