21 हजारांचा दाखला, 2 हजार डॉलरची शिल्लक

आमच्या सांगलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर गेला पंधरवडाभर एकच वाद पेटलाय. निमित्त श्रावणबाळ योजनेचं. पासष्टी ओलांडलेल्या निराधार माणसाला महिना 1500 रुपये, आणि अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. पलूसकडच्या एकाने लिहिलं की त्याच्या गावात दारात ट्रॅक्टर असलेल्या म्हातारीला पैसे चालू आहेत आणि मागेपुढे कुणी नसलेलीचा अर्ज परत आलाय. तिथून गाडी लाडक्या बहिणींवर गेली, आणि मग अपेक्षेप्रमाणे आम्हा अमेरिकावाल्यांवर. विश्रामबागेत राहणाऱ्या, अमेरिका यूट्यूबवरून पाठ असलेल्या एका दोस्ताने निकाल दिला: "तिकडं बरंय. म्हातारं झालं की सरकार सगळा खर्च उचलतंय. म्हणून तर पोरं निवांत." खाली अंगठ्यांची रांग लागली.

माझं डोकं फिरलं ते त्या अंगठ्यांनी. म्हणून हे लिहितोय.

आमच्या गल्लीत, न्यू जर्सीत, एक इटालियन घराण्यातली आजी राहते. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला. त्याला डिमेन्शिया झाला. आधी चाव्या हरवायच्या, मग रस्ता, मग एका हिवाळ्यात तो रात्री दोन वाजता चपला न घालता ड्राइव्हवेत सापडला. नर्सिंग होमशिवाय इलाज उरला नाही. आमच्या भागात त्याला महिन्याला दहा-बारा हजार डॉलर सहज लागतात. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, आहे की, असं तिलाही वाटलं होतं. मेडिकेअर आजारपणाचे पैसे देतं, म्हातारपणाचे नाही. तीन दिवस हॉस्पिटलात काढून तुम्ही नर्सिंग होममध्ये गेलात आणि नर्सची किंवा फिजिओची रोज गरज असेल, तर जास्तीत जास्त 100 दिवस. त्यातले पहिले 20 पूर्ण, पुढे रोजचा हिस्सा तुमचा. नुसतं आंघोळ घालणं, भरवणं, लंगोट बदलणं यासाठी शून्य. (आपल्याकडे 2024 मध्ये सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळालं, तेव्हा हाच दोस्त पेढे वाटल्यासारखा मेसेज करत होता. तेही दाखल झालात तरच. घरी आल्यावर डायपर ज्याचे त्याने आणायचे.)

म्हणजे उरलं मेडिकेड, गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. ते खरोखरच पैसे देतं, अगदी मरेपर्यंत देतं. पण आधी नवऱ्याच्या नावावर 2000 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक नाही हे दाखवावं लागतं. आयुष्यभर साठवलेल्यातला निम्मा वाटा घरी राहणाऱ्या बायकोला ठेवता येतो, 2025 साली जास्तीत जास्त 1,57,920 डॉलर. राहतं घर, एक गाडी, लग्नाची अंगठी मोजत नाहीत. स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे आधीच भरून टाकले तर तेही मोजत नाहीत, त्यामुळे वकील पहिल्या भेटीत तेच सुचवतो. बाकीचं नर्सिंग होमला भरत राहायचं, संपेपर्यंत. संपलं की सरकार. मग त्याची पेन्शनही थेट तिकडे जाते आणि महिन्याला 50 डॉलर हातखर्चाला राहतात. केस कापायचे असले तर त्यातून.

आजीने मला कागद लावायला बोलावलं होतं, कारण मी 'कॉम्प्युटरवाला'. डायनिंग टेबलावर पाच वर्षांची बँक स्टेटमेंटं. मागची 60 महिन्यांची प्रत्येक मोठी उलाढाल काऊंटीला, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीला, समजावून सांगावी लागते. पिवळ्या मार्करने ती एकेक ओळ रंगवत होती. रंगवता रंगवता एका चेकपाशी थांबली. नातीच्या कॉलेजसाठी 8000 डॉलर. "हे तर ख्रिसमसला दिलेले," म्हणाली. टॅक्सवाल्याने तिला सांगितलेलं की एवढं बक्षीस द्यायला काही हरकत नाही. टॅक्सला हरकत नसेल, मेडिकेडला आहे. दिलेली रक्कम नर्सिंग होमच्या सरासरी दराने भागायची, येतील तितके दिवस मदत बंद. आणि ही शिक्षा चेक दिला त्या दिवसापासून मोजत नाहीत, तुम्ही कफल्लक झालात त्या दिवसापासून मोजतात, म्हणजे खिशात काही नसताना. अडीच-तीन आठवड्यांचे पैसे शेवटी मुलीने भरले. शिवाय दोघंही गेल्यावर सरकार घरावर हक्क सांगणार ते वेगळंच. 1993 च्या कायद्याने राज्यांना ती वसुली करावीच लागते.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. विश्रामबागेतून उत्तर आलं: "तरी देतंय ना शेवटी?"

देतंय. मान्य. आणि एक गोष्ट मीही जरा ताठ मानेने सांगतो की त्या अख्ख्या प्रकरणात कुणी चहापाणी मागितलं नाही, 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हटलं नाही, फाईल हरवली नाही. ज्याने नियम वाचला त्याला नियम लागू झाला. आपल्याकडे काय होतं? 21 हजार म्हणजे महिन्याला 1750 रुपये. 2024-25 साली राज्यात रोजगार हमीची मजुरी 297 रुपये होती. एका माणसाने तेव्हाचे हक्काचे 100 दिवस भरले तर 29,700 व्हायचे, म्हणजे सरकारच्याच कामावर पाटी टाकणारं कुटुंब सरकारच्या लेखी श्रावणबाळाला अपात्र! आणि रोजगार हमी जन्मली कुठे, तर आपल्याच तासगाव तालुक्यात, विसापूरच्या वि. स. पागेंच्या डोक्यातून. अशा आकड्यावर खरं बोलून कुणाला दाखला मिळणार? मग सेतूत जाऊन सगळेच खोटं बोलतात. ज्याची ओळख असते त्याचं खोटं चालतं आणि ज्याची नसते तिचा अर्ज परत येतो. ट्रॅक्टरवाल्या म्हातारीवर चिडून काही होणार नाही. तो आकडा बदलायची मागणी करा. पण त्यावर कुणी पोस्ट टाकत नाही, ट्रॅक्टरच्या फोटोवर जास्त अंगठे मिळतात.

इथले आमचे लोक सोवळे आहेत असंही समजू नका. न्यू जर्सीतल्याच एडिसन गावात सकाळी आठच्या सुमाराला पांढऱ्या व्हॅन फिरतात, ॲडल्ट डे केअरच्या. चार-चार बेडरूमच्या घरांतून आजी-आजोबा स्वेटर घालून बाहेर येतात. दिवसभर भजन, कॅरम, गुजराती जेवण, रक्तदाब तपासणी. बिल बहुतेकांचं मेडिकेडला. पोराचा पगार तिथे मोजत नाहीत, नागरिक झालेल्या आजीचं स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःची शिल्लक तेवढी बघतात. आता त्या आजीच्या नावावर भारतात एखादा फ्लॅट, सोसायटीत ठेव असली तर तीही फॉर्मवर लिहायची असते. किती जण लिहितात, हे मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीला बसलं की कळतं. नवीन आलेल्यांना ग्रीन कार्डावर पाच वर्षं काढावी लागतात, तेवढाच काय तो धीर धरतात.

म्हणजे तलाठ्यापुढचं कसब बोटीतून, म्हणजे विमानातून, इकडेही पोचलंय.

पण "म्हणून तर पोरं निवांत" याचं उत्तर अजून राहिलंच. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. तिथे ऐपत असलेल्या मुलांनी गरीब आई-बापांचा खर्च करावा असा जुना कायदा आहे, आणि 2012 साली तिथल्या न्यायालयाने एका मुलाला आईच्या नर्सिंग होमचे सुमारे 93 हजार डॉलर भरायला लावले. ती बाई तोवर परदेशात राहायलाही गेली होती. हे मी मुद्दाम ग्रुपवर टाकलं. न्यू जर्सीत असला कायदा अशा जोरात वापरत नाहीत, हे मात्र टाकलं नाही.

आपल्याकडचा कायदा 2007 चा. आई-वडिलांना प्रांतांकडे अर्ज करता येतो, मुलांकडून महिना 10 हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते, सांभाळायच्या अटीवर नावावर केलेली जमीन सांभाळलं नाही तर परत घेता येते. चांगला कायदा आहे. ग्रुपवर एका वकील मैत्रिणीने त्याचं पहिलंच कलम टाकलं: भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही हा लागू. सोबत आम्हा चौघा परदेशवाल्यांना टॅग करून डोळा मारलेला.

ते कलम वाचून मला हसू आलं नाही. मी आता भारतीय नागरिक नाही. नेवार्कला हात वर करून अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली, त्याला बरीच वर्षं झाली. रेशनकार्डावरून माझं नाव त्याआधीच कमी झालेलं. मेडिकेडच्या लेखी आई माझ्या घरातली नाही, कारण ती इथे राहत नाही. महाराष्ट्र सरकारच्या लेखी मी तिच्या कुटुंबात नाही. तिने माझ्यावर अर्ज करायचा ठरवला तर त्या कलमातून मी सरळ निसटतो. ग्रुपवरच्या कुणालाही न सुचलेली सूट मला मिळालेली आहे, आणि तरी 'निवांत' म्हटल्यावर मी भांडायला उठतो, आकडे काढतो, इटालियन आजीचे कागद पुढे करतो. भांडायला तरी सांगलीचं कुणीतरी असावं, एवढाच त्यात माझा स्वार्थ असेल.

आई गणपती मंदिराच्या मागे राहते. वडील शाळेत होते, त्यांची फॅमिली पेन्शन आहे, त्यामुळे श्रावणबाळाचा प्रश्नच नाही. माकडहाड मोडल्यापासून ब्युरोची बाई येते, बारा तासांची, महिना 18 हजार. ते मी पाठवतो. रात्री चुलतभावाची बायको वर झोपायला येते. तिचे कुणी पैसे देत नाही, आणि मी विषय काढला तर तिला राग येईल. इथे मेडिकेडमधून आईला आंघोळ घालणाऱ्या लेकीला किंवा सुनेला रीतसर पगार मिळू शकतो, बँकेत जमा होतो, त्यावर टॅक्सचा कागद येतो. कुणी नाक मुरडत नाही. अमेरिकेकडून मागायचं तर हे मागा, असं माझं म्हणणं. 1500 चे 2100 करण्यावरून भांडण्यापेक्षा जी बाई उचलते-बसवते तिचा पगार कोण देणार, यावर भांडा. दोस्ताने यावर 'विचार करण्यासारखं' एवढंच लिहिलं आणि आयर्विन पुलावरचा सूर्योदय टाकला.

आईला हा सगळा वाद फोनवर सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाली, "तुझं सरकार राहू दे तुझ्यापाशी. त्या ब्युरोवाल्याला फोन कर आणि विचार, ही बाई रविवारी का येत नाही ते."

बाईलाही घर आहे, म्हणून येत नाही. तर गावभागात किंवा हरिपूर रोडला कुणाच्या माहितीत रविवारपुरती बाई असेल, स्वयंपाक नाही, फक्त आईचं बघायचं, तर ग्रुपवर कळवा. पैसे ठरलेल्या दिवशी पोचतील.