लाकूड ज्याचं, कोयता त्याचा

रस्ता रुंदीकरणात झाडं तोडावीत की नाही, हा वाद कोल्हापुरात मधूनमधून पेटतोच, आणि पेटला की आमच्या जुन्या मित्रमंडळींत लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "मग रस्ता काय हवेत करायचा?" दुसरा सांगली जिल्ह्यातल्या भोसेच्या वडाचं उदाहरण देतो. त्या वडासाठी २०२० मध्ये महामार्गाचा नकाशा बदलला होता. मी इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या जवळ राहतो आणि झाडं छाटण्याचा, वेळ पडली तर पाडण्याचा धंदा करतो. दोराला लटकून, हातात चेन-सॉ घेऊन, कुणाच्या नोकरीत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना मी आपलाच साक्षीदार वाटतो. माझं म्हणणं मात्र दोघांनाही फारसं रुचत नाही. रस्त्यात गेलेली झाडं दिसतात, त्यांचे फोटो छापून येतात. बंगल्याच्या आवारात, सोसायटीत आणि विजेच्या तारांखाली जी झाडं 'छाटणी'नं संपतात, ती कुणाच्याच हिशोबात नसतात.

नागाळा पार्कात किंवा ताराबाई पार्कात खासगी काम कसं ठरतं ते बघा. आंब्याची फांदी कौलांवर आली म्हणून मालक माणूस बोलावतो. तो झाडाखाली उभा राहतो, वर नजर टाकतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "लाकूड कोण नेणार?" त्यानं न्यायचं असेल तर मजुरी कमी, कधी कधी फुकटच. मालकाला आनंद होतो. पण व्यवहार तिथंच फिरला. वखारीत पैसे जाड लाकडाचे मिळतात, डहाळ्यांना कोण विचारतो? म्हणजे त्या माणसाची दिवसाची कमाई नेमकी त्या फांद्यांत आहे, ज्या झाडावर राहायला हव्यात. तो जाड फांद्या उतरवतो आणि शेंड्याला चार पानं ठेवून जातो. त्याला शिव्या देण्यात काही अर्थ नाही. आपणच त्याला लाकडात पगार दिला.

इथं इंग्लंडमध्ये मला गिऱ्हाईक कामाचे पैसे देतं. लाकूड ही माझ्या डोक्यावरची कटकट असते. चिपर नावाच्या यंत्रात घालून बारीक तुकडे करा, गाडीत भरा, आणि तो कचरा वाहून न्यायला वेगळी नोंदणी ठेवा. कमी कापलं तर कमी वाहायचं. त्यामुळे "एवढीच फांदी काढू, बाकी राहू द्या" असं सांगताना माझं पोट आड येत नाही. मोह इथंही आहे, नाही असं नाही. अख्खं झाड पाडायचं बिल छाटणीपेक्षा मोठं होतं, आणि पानं पन्हाळीत अडकतात एवढ्या कारणावरून "काढूनच टाका" म्हणणारी गिऱ्हाइकं इथंही भेटतात.

आता छाटणीची गोष्ट. फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर वळी असते. झाड आपली जखम भरून काढतं ते तिथल्या पेशींच्या जोरावर. म्हणून जड फांदी तीन कापांत काढायची. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडी चीर द्यायची, मग तिच्या जरा पुढं वरून कापून वजन उतरवायचं, आणि उरलेला खुंट शेवटी त्या वळीच्या बाहेरून नीट कापायचा. वळीला धक्का लावायचा नाही, खुंटही ठेवायचा नाही. आपल्याकडं कोयता वरून बसतो, फांदी अर्धी तुटते आणि खोडाची साल सोलत खाली येते. त्यावर कुणीतरी डांबर किंवा गेरू फासतं. त्यानं जखम भरत नाही, फक्त झाकली जाते. आत कूज धरते, आणि पाच-दहा वर्षांनी वळिवात तेच झाड रिक्षावर पडलं की 'जुनं झालं होतं' म्हणून मोकळे.

इंग्लंड म्हणजे झाडांचं माहेर, असंही कुणी समजू नये. शेफिल्डमध्येच रस्तेदुरुस्तीच्या करारात १७,५०० झाडं काढून त्यांच्या जागी नवी लावण्याचा आकडा घातला होता. पाच हजारांवर झाडं पडली. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रस्त्यावर पहाटे पाचला, पोलिस बंदोबस्तात करवती चालल्या आणि सत्तरीतल्या दोन बायकांना अटक झाली. शेवटी चौकशी बसली, २०२३ मध्ये अहवाल आला, पालिकेनं माफी मागितली. तिथंही मूळ दुखणं करारात होतं: एकदा तोडण्याचा आकडा कागदावर आला की झाड चांगलं की वाईट हे बघायला कुणाला फुरसत नसते.

कायद्याच्या बाबतीत आपण मागं नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरचं झाड वारसा ठरवलं, आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायला सांगितलं. वाचायला झकास. पण साठ वर्षांच्या वडाबदली लावलेल्या साठ रोपांची छाटणी पुढं करणार कोण? तोच, लाकडावर काम करणारा.

इथं इंग्लंडमध्ये संरक्षित विभागात झाडाला हात लावायचा तर पालिकेला सहा आठवडे आधी कळवावं लागतं, आणि संरक्षण असलेलं झाड बेकायदा पाडलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. पण मला त्याहून जास्त जाच होतो तो माझ्याच धंद्याच्या नियमांचा. चढायचा दोर, पट्टे, कड्या दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यायच्या. विमा हवा. चढण्याची वेगळी परीक्षा, दोरावर लटकून करवत चालवण्याची वेगळी. वारा सुटला की काम बंद, आणि काम बंद की पैसे बंद. ३१ जानेवारीच्या आत करही स्वतःच भरायचा. हे सगळं गिऱ्हाइकाच्या बिलात येतं, आणि ते कुरकुरत का होईना, देतं.

आमच्या नात्यात अजून विचारतात, "बी.एस्सी. ॲग्री करून झाडावर चढतोस होय रे?" या प्रश्नातच सगळं आलं. शेतीची पदवी टेबलामागं बसण्यासाठी असते, आणि झाडावर चढणाऱ्याला काही कळत नसतं, असं आपण ठरवूनच टाकलंय. खरं तर कंबरेला एक कासरा बांधून अनवाणी नारळावर जाणाऱ्या आपल्या पोरांच्या पायांत जो अंदाज आहे, तो माझ्याबरोबरच्या गोऱ्या पोरांना येत नाही. आपल्या पोरांकडं नाही ते हेल्मेट, विमा आणि कुठली फांदी ठेवायची हे शिकवणारा माणूस. कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर दोर लावणारी पोरंही आहेत. आठवडाभराचा वर्ग काढायला अडचण कसली?

अडचण पैशाचीच निघेल. "म्हंजे लाकूड बी ठेवायचं, आन् पैसं बी द्यायचं?" असं एका मित्रानं विचारलंच. होय, द्यायचं. लाकूड मालकानं स्वतः वखारीला घालावं, आणि छाटणाऱ्याला त्याच्या दिवसाची रोख मजुरी द्यावी. मे महिन्यात वळिवाआधी मी येतोय. राजारामपुरीतल्या ज्या मित्राच्या दारातला गुलमोहर तारेला टेकलाय, त्यानं करवत आणून ठेवावी. कोयता नको. आणि मजुरी आधी ठरेल, माझीसुद्धा.