सीमाशुल्क खात्याचे काम केवळ महसुलावर मोजू नये

कोणत्याही देशाच्या सीमाशुल्क खात्याचा विषय निघाला की बोलणे विमानतळावर उघडल्या जाणाऱ्या बॅगांवर आणि वर्षाअखेरीस जमा झालेल्या महसुलाच्या आकड्यावर येऊन थांबते. त्या आकड्याला आपण वाजवीपेक्षा फार जास्त महत्त्व देतो, असे माझे ठाम मत आहे.

बंदरात उतरणाऱ्या मालाखालचे लाकडी पॅलेट कधी जवळून पाहा. त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाचा संकेत आणि बहुधा ‘एचटी’ ही अक्षरे असलेला छोटा शिक्का दिसतो. ते लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमानाला सलग ३० मिनिटे तापवलेले आहे, असा त्याचा अर्थ. लाकडातली कीड मारण्यासाठी ते असे तापवण्याचा नियम अंगवळणी पडण्याआधी आशियातला एक लांब मिशांचा भुंगेरा मालाच्या खोक्यांच्या लाकडातून अमेरिकेत पोहोचला असे मानले जाते. १९९६ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि त्याला आवरण्यासाठी पुढे हजारो झाडे तोडावी लागली. शिक्का नसलेले पॅलेट परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्यामुळे तिजोरीत एक पैसाही पडत नाही, आणि वाचलेली झाडे कोणत्याही तक्त्यात येत नाहीत.

मालाच्या वर्गीकरणाची सहा अंकी जागतिक पद्धत १९८८ पासून लागू आहे. तिच्या आधारे कर ठरतो, तसेच कोणत्या मालाला परवाना लागतो आणि कोणता माल आणताच येत नाही, हेही बहुतेक वेळा त्याच अंकांवरून कळते. मात्र अधिकाऱ्यावर वसुलीचे उद्दिष्ट लादले, की त्याचे सारे बळ वस्तू चढ्या कराच्या वर्गात बसवण्यात खर्च होते आणि ‘जुने सुटे भाग’ म्हणून आलेला विषारी कचरा नजरेतून निसटतो.

यावर सगळेच कंटेनर उघडावेत, असे कोणी म्हणेल. ते शक्य नाही आणि योग्यही नाही; नाशवंत माल सडतो, प्रामाणिक आयातदार विनाकारण भरडला जातो. जागतिक व्यापार संघटनेचा २०१७ मध्ये अमलात आलेला व्यापार सुलभीकरण करारही जोखीम पाहून निवडक तपासणी करायला सांगतो. पण नेमका कंटेनर निवडायला रसायने, वनस्पती, औषधे यांची जाण असलेली माणसे हवीत, आणि ती खात्यात कायमस्वरूपी हवीत. खात्याच्या वार्षिक अहवालात महसुलाच्या शेजारीच अडवलेला घातक माल, प्रयोगशाळेत तपासलेले नमुने आणि निर्दोष माल सोडायला लागलेले सरासरी तास छापले जावेत, एवढी माझी मागणी आहे.