‘टेबल म्हणजे नुसते रंगीत पट्टे’ म्हणणाऱ्यांना

“एक्सेलमध्ये कंट्रोल-टी दाबू नका. टेबल म्हणजे नुसते रंगीत पट्टे, फाइल जड होते, ६५ हजार ओळींपुढे चालत नाही आणि एकदा केलं की सुटका नाही.” हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या महिन्यात तीनदा फिरून आला. कंट्रोल-टी दाबलं की एक्सेलमधल्या साध्या यादीचं ‘टेबल’ होतं, त्याबद्दल हे सगळं. हिशेबाची शीट माझ्याकडे असते, म्हणून चार शब्द लिहितो.

पट्टे नको असतील तर टेबल डिझाइनमध्ये जाऊन स्टाइल काढून टाका. पट्टे जातील, टेबल राहील. कारण टेबलचं खरं काम रंगाचं नाहीच. यादी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे एक्सेलला त्यामुळे कळतं. आमच्या मेंटेनन्सच्या पावत्या एका शीटवर आणि गोषवारा दुसऱ्या शीटवर असायचा. गोषवाऱ्यात सूत्र होतं, डी२ ते डी८५ची बेरीज. मार्चअखेरीस उशिरा जागे झालेल्या दोघांच्या पावत्या मी ८६ आणि ८७व्या ओळीत चढवल्या. पासबुकाशी ताळा काही बसेना. रात्री साडेअकरापर्यंत पावतीपुस्तक चाळत बसलो आणि सूत्र आपलं ८५वरच ठाण मांडून! टेबल असतं तर सूत्रात ओळींचे आकडे आलेच नसते. टेबलचं नाव आणि ‘रक्कम’ हा मथळा आला असता. खाली नवी ओळ टाइप केली की टेबल वाढतं आणि बेरीजही वाढते.

सॉर्टिंगचंही तसंच. मध्ये एक स्तंभ रिकामा सुटला असेल तर साध्या यादीत नावं अकारविल्हे लागतात आणि पलीकडच्या रकमा जागच्या जागी राहतात. मग एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी. टेबलात अख्खी ओळ एकत्र हलते.

६५ हजारांचा आकडा कुठून आला ते सांगतो. जुन्या एक्सएलएस फाइलच्या एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावायच्या. एक्सेल २००७पासून ती मर्यादा १०,४८,५७६ झाली आणि टेबल हे नावही त्याच आवृत्तीत आलं. ऑक्टोबर २०२०मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद मोजणीतून गळाली, ती या जुन्या फाइलप्रकारामुळे. टेबलवर त्याचं खापर कशाला?

‘सुटका नाही’ हे तर धादांत खोटं. ‘कन्व्हर्ट टू रेंज’ दाबा, टेबलची पुन्हा साधी यादी होते आणि सूत्रं नेहमीच्या सेलच्या पत्त्यांवर येतात.

जडपणाचं मात्र थोडं मान्य. हजारो ओळींत सूत्रंच सूत्रं असली तर टेबल रेंगाळू शकतं. ऐंशी-नव्वद फ्लॅटच्या शीटला ती भीती नको. खऱ्या अडचणी त्या मेसेजमध्ये आल्याच नाहीत: शीटला पासवर्डचं संरक्षण लावलं की टेबल आपोआप वाढत नाही आणि टेबलात सेल मर्ज करता येत नाहीत. आमच्या चेअरमनसाहेबांना यादीच्या मधोमध ‘ए विंग’ असा जाडजूड मर्ज केलेला मथळा हवा असतो. तो काढून मी ‘विंग’ नावाचा वेगळा स्तंभ केला. आता फिल्टर लावला की टेबलच्या टोटल रोमध्ये तेवढ्याच विंगची बेरीज दिसते. साहेब अजून रुसलेले आहेत.